लाडवाच्या लेबलावरची पांढरी रेघ

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नातीची अर्धी राहिलेली वही आहे, तीत हे लिहिते आहे. कोणाच्या हाती पडलीच तर त्यांनी चुका सांभाळून घ्याव्यात.

मी पोलीस खात्यात चोवीस वर्षं काढली, पण अंगावर वर्दी कधी नव्हती. वैनगंगेच्या बाजूच्या एका ठाण्यात मी सफाई कामगार होते. सकाळच्या हजेरीच्या आत झाडू, मग फरशी, मग पाण्याचे माठ. ठाण्यात महिला शिपाई एकच, आणि तिला महिन्यातले पंधरा दिवस कुठे ना कुठे बंदोबस्त. त्यामुळे एखाद्या बाईला चौकशीला बोलावलं की साहेब मला म्हणायचे, "मावशी, तुम्ही इथे बसा." मी कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. बोलायचं काम नव्हतं आणि मला ते बरंच वाटायचं. साहेब लोकांपुढे माझी जीभ आजही वळत नाही.

त्या वेळचे ठाणेदार साहेब आता निवृत्त झालेत. ते आपल्या नोकरीतल्या आठवणी लिहितात. मागे त्यांचा फोन आला. म्हणाले, "लाडवाच्या केसचं लिहायला बसलो होतो. मग वाटलं, ती केस माझी नाही, तुमची आहे. तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. साहेबांचा एक नियम होता, कोणाचं नाव द्यायचं नाही. तेवढा मी पाळते.

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. होळी होऊन आठ दिवस झाले असतील. सोमवार होता. मी व्हरांडा पुसत होते, तर एक मालाचा ऑटो येऊन उभा राहिला. त्यातून दोन बायका उतरल्या आणि मागून चार खोके उतरवले. पुढे होत्या त्या बचत गटाच्या अध्यक्ष बाई, पन्नाशीच्या, आवाज मोठा. मागे गटाची सचिव, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. बौद्ध घरातली सून, बारावी झालेली. गटाचं लिहिणं-वाचणं आणि कॉम्प्युटर तिच्याकडे. ती चपला बाहेर काढून आत आली. ठाण्यात कोणी चपला काढत नाही. मी तिला खुणेनं सांगितलं, घाल.

"साहेब, आमचे लेबल चोरीले गेले," अध्यक्ष बाई म्हणाल्या. "आन् चोर गावातलाच हाये."

"संशय कोणावर आहे?"

"मी नाव घेत नाई. पण मशीन जिच्या घरी हाये आन् कुलूप जिच्या हाती हाये, तिलेच विचारा."

जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

हकिगत अशी होती. त्यांच्या गावातल्या बारा बायका मोहफुलाचे लाडू करायच्या. डब्यात भरायच्या, वर लेबल लावायच्या, आणि नागपूरचं एक मोठं दुकान तो माल घ्यायचं. मोठ्या दुकानाला बारकोड लागतो. तो नसला तर त्यांचं यंत्र माल ओळखत नाही आणि बिल होत नाही. म्हणून गटानं रीतसर पैसे भरून नंबर घेतला होता आणि लेबल छापायची छोटी मशीन घेतली होती. दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मग त्या दुकानात गिऱ्हाईकं खराब लाडू परत आणू लागली. मोहफुलाचा पत्ता नाही, नुसता गूळ आणि पीठ, वर बुरशी. दुकानाच्या यंत्रानं बारकोड वाचला, डबा गटाचाच म्हणून दाखवला, आणि दुकानानं गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. असे तीनशे दहा डबे जमले. साठ रुपयांप्रमाणे अठरा हजार सहाशे रुपये दुकानानं गटाच्या बिलातून कापले आणि डबे खोक्यात भरून पाठवून दिले.

लाडू गटाचे नव्हते, हे वासावरून कोणीही सांगितलं असतं. पण लेबल गटाचं होतं. म्हणजे कोणीतरी लेबलं बाहेर विकली, असं अकरा बायकांचं म्हणणं पडलं.

साहेबांनी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि त्याच दुपारी जीप काढली. महिला शिपाई चामोर्शीच्या बाजूला यात्रेच्या बंदोबस्तावर होती, म्हणून मीही मागे बसले.

सचिवेचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबलावर मशीन, तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा. साहेब म्हणाले, "हे कसं बनवता, आम्हाला दाखवा."

एवढा वेळ गप्प असलेली ती पोरगी मशीनपुढे बसली आणि वेगळीच झाली. "साहेब, हा नंबर आपल्या मनानं देता येत नाई. फी भरून मिळते. पाव किलोच्या डब्याले एक नंबर, अर्ध्या किलोले दुसरा, जवसाच्या चटणीले तिसरा. इथी मी नंबर टाकते. शेवटचा आकडा कॉम्प्युटर सोताच काढते. मधात एक जरी चुकला तं तो शेवटचा जुळत नाई, मंग दुकानातली मशीन घेतच नाई."

"आणि या काळ्या रेघा?"

"रेघा म्हणजे तोच नंबर साहेब. आपण आकडे वाचतो, मशीन जाड-बारीक वाचते."

"तारीख यात असते?"

"नाई. तारखेचा शिक्का वेगळा, डबा भरल्यावर मारतो. रेघा आज काढा का दोन वर्षांनी, तेच राहतात."

मशीन किरकिरली आणि एक लेबल बाहेर आलं. ते तिनं माझ्या हातावर ठेवलं. कोमट होतं, नुकत्या उतरवलेल्या पोळीसारखं नाही, पण अंगातली ऊब असते तेवढं. त्यावरच्या रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या होत्या. मी ते लेबल मागच्या कागदासकट बटव्यात ठेवलं.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मनात आणलं तर हवी तेवढी लेबलं काढू शकता?"

"हो साहेब."

"कोणाला कळेल?"

"नाई. कोणालेच नाई कळणार."

ठाण्यातले हवालदार भाऊही बरोबर होते. परतताना जीपमध्ये ते म्हणाले, "कशी भोळी हाये. खोटं बोलली असती तं अर्धी सुटली असती."

साहेब म्हणाले, "म्हणूनच मला ती चोर वाटत नाही. पण वाटण्यावर केस चालत नाही."

तिनं वहीत लेबलाच्या प्रत्येक रिळाची नोंद ठेवली होती, ती जुळत होती. पण कोरं रीळ बाहेरून कोणीही आणू शकतो. वही तिचीच, मशीन तिच्याच घरी. बायकांचा संशय खोडून काढायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

चारही खोके मुद्देमाल म्हणून मागच्या खोलीत ठेवले. आता मुद्देमालाच्या खोलीत मी गंजलेल्या सायकली पाहिल्या होत्या, कुऱ्हाडी पाहिल्या होत्या, गावठी दारूचे कॅन पाहिले होते. लाडू पहिल्यांदाच आले. पहिल्याच दिवशी मुंग्यांची रांग लागली. साहेबांनी सांगितलं, पुराव्याला मुंगी लागता कामा नये. मी चार परातींत पाणी भरलं, मधे विटा ठेवल्या आणि विटांवर खोके. हवालदार भाऊ दारातून डोकावून म्हणाले, "बाई, लेकरालेही एवढं कोणी जपत नाई."

मंगळवारी सकाळी त्यांनी मेडिकलवाल्याकडून बारकोड वाचायची पिस्तुलासारखी वस्तू मागून आणली. एकेका डब्यावर धरली की टुक वाजायचं. सचिवेच्या घरून आणलेल्या खऱ्या डब्यावर टुक, बुरशीच्या डब्यावरही टुक. वीस डबे झाले, तीस झाले.

"साहेब, मशीन म्हणते सारेच खरे."

"मशीन नंबर वाचते," साहेब म्हणाले. "लाडू खाऊन पाहत नाही."

ते गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. डब्यांवर धूळ होती, म्हणून एकेक पुसत होते. एका लेबलावर मला बारीक पांढरा धागा चिकटलेला दिसला. फडक्यानं ओढला, निघाला नाही. ओल्या बोटानं घासलं तरी तसाच. दुसरा डबा घेतला, त्यावरही तसाच. मग कळलं, तो धागा नव्हे. लेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केसाएवढी पांढरी रेघ होती. लाडवाच्या नावातून, बारकोडातून, गावाच्या पत्त्यातून ती सरळ गेली होती. बटव्यातलं लेबल काढून शेजारी धरलं. त्यावर रेघ नव्हती.

मी ते लेबल पुन्हा बटव्यात ठेवलं आणि बादली उचलली.

काऊन बोलले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मनात आलं, छपाईत असं होत असेल. मनात आलं, शिकलेल्या लोकांनी तीस डबे हातात घेऊन पाहिले, त्यांना दिसलं नाही ते मला काय दिसणार. साहेब त्या आठवड्यात मंत्र्यांच्या दौऱ्यात होते, त्यांच्या खोलीत जायचा धीरही झाला नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मी दारापर्यंत गेले आणि माठ भरून परत आले.

शनिवारी सकाळी सचिव एकटीच ठाण्यात आली. हातात कागदाची घडी. साहेबांसमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, मी पैसे भरले. हे पावती. आता माझं नाव चोरात नका लिहू."

"कसले पैसे?"

"बुधवारी गटाची सभा झाली. बाया म्हणाल्या, नुकसान तुह्या हातून झालं, तूच भर, नाई तं गटातून नाव काढतो. अठरा हजार सहाशे. काल भरले."

"कुठून आणले?"

"दोन बकऱ्या इकल्या. पोरीच्या नावानं पोस्टात होते, ते काढले."

साहेबांना राग आला. "चौकशी चालू असताना पैसे भरायला तुम्हाला कोणी सांगितलं? हे म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं."

ती पावती उलटी-सुलटी करत राहिली. मी दारात फडकं घेऊन उभी होते. बुधवारी सभा झाली होती आणि मी मंगळवारी पाहिलं होतं, हा हिशेब मला चौथीच्या गणितावरही करता आला. मी मागच्या खोलीत गेले, एक डबा उचलला, बटव्यातलं लेबल काढलं आणि दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय मावशी?"

"साहेब, मी पुसून पाह्यलं. पुसल्या जात नाई."

"काय पुसलं जात नाही?"

"रेघ."

साहेबांनी डबा खिडकीकडे धरला. मग लेबल धरलं. मग पुन्हा डबा. ते काही बोलायच्या आधीच सचिव पुढे वाकली आणि म्हणाली, "साहेब, हे तं आमचं जुनं लेबल हाये."

"जुनं म्हणजे?"

"मशीन नवी घेतली तवापासून तिच्या छपाईत अशी रेघ येत होती. छपाईच्या पट्टीतला एक ठिपका बंद पडला होता म्हणे. पहिले बारकोड उभा होता, तं पांढरी रेघ बरोब्बर एका काळ्या रेघेवर पडे, तिले खाऊन टाके. दुकानातली मशीन लेबल घेतच नोती. मंग मशीन दुरुस्त करणारे चाचा हायेत ना, त्यांनी सांगितलं, बारकोड आडवा कर. तं ते रेघ सगळ्या पायऱ्यांतून थोडी थोडी जाते, कोणालेच पूर्ण खात नाई. तसं दीड वर्ष चालवलं. दिवाळीत पैसे जमले तवा चाचानं आतला भाग बदलून देल्ला. तवापासून रेघ नाई."

साहेबांनी डबा उलटा केला. खाली शिक्का फेब्रुवारीचा. दिवाळीनंतर तीन महिन्यांचा.

"हे तुम्ही पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही?"

"मी डबे पाह्यलेच नाई साहेब. बाईंनी खोके उघडू देल्ले नाई. म्हणाल्या, पुराव्याले हात लावू नको."

हवालदार भाऊ हसू दाबायला व्हरांड्यात गेले.

तासाभरात चाचांना बोलावणं गेलं. हे चाचा गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यातले, रेडिओपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणतं. ते बिलबुक काखेत मारूनच आले. अध्यक्ष बाईंनाही बोलावलं होतं. चाचांनी पान काढून दाखवलं, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातलं. गटाचं नाव, बदललेला भाग, मजुरी.

"जुना भाग खराब कशानं झाला होता?" साहेबांनी विचारलं.

चाचांनी अध्यक्ष बाईंकडे पाहिलं. "सांगू का बाई?"

"सांग ना, मी का भेते."

"साहेब, मशीन खोलली तं आत तांदळाचा दाणा. हळद लागलेला. रिळाच्या संग तो फिरत गेला आन् छपाईच्या पट्टीवर ओरखडा पाडला."

अध्यक्ष बाई ताठ झाल्या. "नवी मशीन घरी आली, तिची पूजा नाई करायची? हळद-कुंकू वाह्यलं, अक्षता टाकल्या. बारा बायांच्या घामाची मशीन हाये ते."

"करा ना बाई, पूजा करा. पण अक्षता बाहेरून वाहा. झाकण उघडून आत काऊन टाकल्या? ते मशीन जेवत नाई."

साहेबांनी तोंडासमोर फाईल धरली. जरा वेळानं ती खाली करून हवालदार भाऊंना विचारलं, "दसऱ्याला आपण बंदुकांची पूजा करतो, तेव्हा अक्षता नळीत तर जात नाहीत ना?"

"नाई साहेब. मी नळीवर बोट ठेवून राहतो."

एवढ्यात सचिवेनं घरून मागवून घेतलेली आपली वही उघडली. जुना भाग बदलला त्या दिवशी रेघेची चाळीस लेबलं शिल्लक होती. ती तिनं बाकीच्या अकराही बायकांसमोर चुलीत घातली होती, आणि वहीत तशी नोंद करून सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले होते. अध्यक्ष बाईंचा अंगठा सगळ्यांत वर होता. त्यांनी तो पाहिला आणि पदर तोंडाला लावून खुर्चीवर बसल्या. दिवाळीनंतर त्या मशीनमधून रेघेचं लेबल निघतच नव्हतं, म्हणजे हे फेब्रुवारीचे डबे गटाच्या लेबलाचे नसणार. कोणीतरी जुना डबा समोर ठेवून त्याची नक्कल केली असणार, आणि नकलेत रेघही उतरली असणार.

"दिवाळीच्या आधी तुमचा माल कोणाकडे जायचा?"

"एकाच व्यापाऱ्याकडे," सचिव म्हणाली. "नदीपलीकडचा. सावली गावाच्या बाजूनं त्याचं गोदाम हाये. तोच आमचा माल नागपूरच्या दुकानात पोचवे. भाव कमी देत होता म्हणून आम्ही त्याले सोडलं, मंग नागपूरले सरळ माल देऊ लागलो."

मग तपासाला वाट सापडली. परत आलेल्या डब्यांपैकी दोनांवर नागपूरच्याच एका किराणा दुकानाचा शिक्का होता. हवालदार भाऊ साध्या कपड्यात जाऊन आले. दुकानदारानं खबर दिली की हा माल टेम्पोनं येतो आणि नदीपलीकडचा व्यापारी पाठवतो. तिथून घेतलेले डबे गिऱ्हाईकं नागपूरच्या मोठ्या दुकानात परत करत होती, कारण नाव तेच, लेबल तेच, आणि तिथं पैसे मिळत होते.

व्यापाऱ्याला नोटीस देऊन बोलावलं. मला वाटलं होतं कोणी दांडगा माणूस येईल. आला तो गोरागोमटा, हसरा, पांढऱ्या शर्टातला. हवालदार भाऊंना "काय भाऊ, बरं हाये ना" म्हणून खुर्चीवर टेकला. साहेबांनी त्याला चहा दिला. साहेबांची ती पद्धतच होती. म्हणायचे, घाबरलेला माणूस मोजून बोलतो, खुशीतला माणूस मोकळं बोलतो. मी पाण्याचा तांब्या घेऊन कोपऱ्यात होते.

"मी तं बायांचाच माल इकतो साहेब. मागच्या महिन्यात सचिव बाईनं सोताच्या हातानं देल्ला."

"पावती?"

"बायांसंग पावती कायची? इमानावर चालते."

"पण बाजारात नकली माल आलाय म्हणतात. आमचं डोकं चालेना. तुमचा माल खरा, हे ओळखायचं कसं?"

त्यानं चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली. टेबलावरचा डबा हातात घेतला. "साहेब, धंद्यातली गोष्ट सांगतो, तुमच्याजवळच ठेवा. हे पाहा. दिसते का पांढरी रेघ? नोटीत कशी तार असते, तशी हे बायांनी टाकली हाये. लय हुशार बाया. कोणाले सांगितलं नाई. पण माझ्या नजरेतून सुटते का? ज्याच्यावर रेघ हाये तो असली. ज्याच्यावर नाई तो नकली."

"हे लिहून घेऊ का?"

"लिहा ना."

साहेबांनी शब्द न् शब्द लिहून घेतला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "बरोबर?"

"एकदम बरोबर."

साहेबांनी ड्रॉवरमधून दुसरा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला. "मग हा सांगा."

त्यानं फिरवून पाहिला. दिव्याकडे धरला. "साहेब, हा नकली."

"हा मी काल सचिवबाईंच्या घरून आणला. माझ्यासमोर लेबल छापलं, माझ्यासमोर चिकटवलं."

त्यानं पुन्हा डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्याचा चेहरा पकडला गेल्याचा नव्हता, फसवलं गेल्याचा होता.

"बायांनी रेघ काढून टाकली?" तो म्हणाला. "काऊन काढली?"

"दिवाळीत," साहेब म्हणाले आणि चाचांचं बिल त्याच्यासमोर सरकवलं.

त्यानं पेला एका दमात रिकामा केला. मग सगळं सांगितलं. गटानं साथ सोडली तेव्हा त्याच्या गोदामात एक जुना डबा राहिला होता. त्याचा फोटो काढून एका प्रेसमध्ये लेबलं छापून घेतली. गूळ आणि पीठ त्याच्या घरचंच. सगळ्यात जास्त दुःख त्याला प्रेसवाल्याचं होतं. "तो म्हणत होता साहेब, शेठ, हे रेघ म्हणजे खराबी हाये, साफ करून देतो. मी त्याच्याशी भांडलो. रेघ राहावी म्हणून शेकड्यामागं वीस रुपये जास्त देल्ले."

हवालदार भाऊ पुढे वर्षभर, कोणी शहाणपणा शिकवायला लागलं की त्याला एवढंच विचारायचे, "वीस रुपये जास्त देल्ले का?"

प्रेसमध्ये पंचनामा झाला. छापलेली लेबलं, फोटो, बिलं जप्त झाली. प्रेसवाल्यानंही तसाच जबाब दिला. दोषारोपपत्र गेलं. पुढे कोर्टात व्यापाऱ्यानं गुन्हा मान्य केला आणि न्यायाधीशांच्या परवानगीनं तडजोड झाली. अठरा हजार सहाशे रुपये तीन हप्त्यांत गटाला द्यायचे आणि गटानं ते सचिवेला द्यायचे, असं ठरलं. नागपूरच्या दुकानानं कागद पाहून पुन्हा माल सुरू केला. मुद्देमालातले लाडू कोर्टाच्या हुकुमानं खड्ड्यात पुरले. माझ्या पराती मोकळ्या झाल्या.

साहेब पुढे नव्या शिपायांना ही केस सांगायचे. म्हणायचे, यंत्र खोटं बोलत नाही, पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतं, बाकीचं माणसाला पाहावं लागतं. आणि टेबल पुसणाऱ्या माणसाला विचारायला विसरू नका. मला ते ऐकून लाज वाटायची, कारण त्यातला अर्धा भाग साहेब सोडून द्यायचे. मी मंगळवारी पाहिलं आणि शनिवारी बोलले. मधल्या चार दिवसांत एका घराच्या दोन बकऱ्या गेल्या आणि एका पोरीची पोस्टातली शिल्लक गेली. तेव्हापासून मी एक शिकले. दिसलं की त्याच दिवशी सांगायचं. वाक्य नीट नसलं तरी चालतं, समोरचा जुळवून घेतो. नंतरच्या नोकरीत मी साहेब लोकांना पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं निम्मं कामाचं नव्हतं, पण कोणी रागावलं नाही.

त्या पोरीचे पैसे परत येईपर्यंत माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. पहिला हप्ता पावसाळ्याआधी आला. दुसरा आला तो धान रोवणीत. तिसऱ्याला व्यापाऱ्यानं दोन महिने आज-उद्या केलं, तेव्हा साहेबांनी हवालदार भाऊंना नुसतं चहा प्यायला त्याच्या गोदामावर पाठवलं. मी दर सोमवारी हवालदार भाऊंना विचारायचे, आले का. ते म्हणायचे, "बाई, तुम्हाले देणं हाये का तुमचं घेणं हाये?"

शेवटी एका बाजाराच्या दिवशी दुपारी अध्यक्ष बाई आणि सचिव दोघी ठाण्यात आल्या. अध्यक्ष बाईंनी साहेबांसमोर रुमालाची गाठ सोडली आणि नोटा सचिवेच्या हातात दिल्या. "मोज. मले हिशेब नाई जमत. हिशेब जमला असता तं तुह्यावर आळ घेतला असता का?"

"असू द्या ना बाई."

"असू नाई द्यायचं. मोज."

तिनं मोजल्या, थुंकी न लावता, सावकाश. सहा हजार दोनशे. परत एकदा मोजल्या. मग वही काढून आधीच्या दोन हप्त्यांखाली तिसरा लिहिला, बेरीज केली, आणि खाली रेघ ओढून सही केली. अध्यक्ष बाईंनी अंगठा दिला. साहेबांनी वही वाचली आणि माझ्याकडे फिरवली. अठरा हजार सहाशे, पूर्ण मिळाले.